मुंगीची दोन घरं

मुंगी माझी सख्खी बहीण, पण मी पाच वर्षांची होईपर्यंत ती माझी मावसबहीण होती. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. कुणी काहीच सांगितलं नव्हतं. ती मावशीकडे राहायची, मावशीला आई म्हणायची आणि आमच्या आईला मावशी. रविवारी आमच्याकडे यायची, संध्याकाळी परत जायची. यावरून कुणीही जे समजेल ते मी समजले होते. मुंगीही तेच समजली होती.

झालं होतं ते असं. ताईनंतर आईला दुसरी मुलगी झाली ती सातव्या महिन्यात. इतकी लहान, की नर्सबाई तिला एका तळहातावर घेऊन फिरायच्या. मावशीचे यजमान, ज्यांना सगळेच अण्णा म्हणायचे, त्यांनी तिला काचेतून पाहिलं आणि म्हणाले, ही तर मुंगी आहे. बाबांनी तिच्यासाठी एक चांगलं चार अक्षरी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. ते दाखल्यावर राहिलं आणि मुंगी तोंडी बसलं.

बाळंतपणात आईला ताप भरला तो उतरेना. अडीच महिने ती इस्पितळात होती. बाबा बस चालवायचे, त्यांची पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची. ताई तीन वर्षांची. घरात बघायला कुणी नाही. मावशी आईहून आठ वर्षांनी मोठी, तिला मूल नव्हतं, आणि शिवणकाम ती घरीच करायची. तिने बाळाला फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून आपल्या घरी नेलं. तू बरी होईपर्यंत, असं ती आईला म्हणाली, आणि त्या वेळी तिच्या मनात तेवढंच होतं याबद्दल मला शंका नाही.

आई बरी होऊन घरी आली. थोडी ताकद येऊ दे, मग आणू, असं म्हणेपर्यंत माझी चाहूल लागली. मी झाले. मग थंडी संपली की आणू, मुंगी नीट चालायला लागली की आणू, ताईची शाळा सुरू झाली की आणू, असं करत घोंगडं भिजत पडलं. कुणी मुलगी देऊन टाकली नाही, कुणी मागितली नाही, कसला कागद झाला नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा कौतुकाने म्हणाल्या, "म्हणतातच ना, माय मरो पण मावशी जगो." आई जिन्यात उभी होती. "माय अजून जिवंत आहे," एवढं बोलून ती वर आली.

मावशीचं घर आमच्यापासून बसने सात थांबे. बाबांची बस त्याच रस्त्याने जायची. मुंगी खिडकीत उभी राहून हात करायची आणि बाबा भोंगा वाजवायचे. बाबांच्या मते मुलगी बापाला हात करत होती. मुंगीच्या मते ती काकांना हात करत होती. यात बरीच वर्षं कुणाचं काही अडलं नाही.

मुंगी सहा वर्षांची झाली तेव्हा अण्णांनी तिला त्यांच्या गल्लीतल्या शाळेत घातलं. आईकडून जन्माचा दाखला मागून घेतला आणि शाळेच्या कारकुनापुढे ठेवला. कारकुनाने दाखल्यावरचं नाव, बापाचं नाव, आडनाव, पत्ता, सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. अण्णांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि ते उघडायची त्यांना घाई होती. त्यांनी न वाचता खाली सही केली. मावशी पुढे म्हणायची, हा माणूस दिवसभर लोकांना दिसावं म्हणून झटतो, याला मात्र नाकासमोरचं दिसत नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. एकेक मूल उठून हजर म्हणत होतं. मुंगी आपल्या नावाची वाट बघत तिसऱ्या बाकावर बसून राहिली. मध्ये एक चार अक्षरी नाव आलं, त्याला कुणी हजर म्हणालं नाही. बाईंनी फुली मारली आणि पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आपलं नाव अजून वहीत लिहायचं राहिलं असेल, असं मुंगीला वाटलं. हे मोठ्या माणसांचं काम, ते करतील सावकाश. म्हणून तिने घरीही काही सांगितलं नाही. बाई नवीन होत्या. त्यांनी एकदा डोकी मोजली तर हजेरीपेक्षा एक जास्त भरलं. आपलीच मोजणी चुकली असं समजून त्यांनी तो विचार सोडून दिला.

आठ दिवसांनी शाळेने पत्र पाठवलं, वहीतल्या पत्त्यावर, म्हणजे आमच्या घरी. आपली मुलगी प्रवेश घेतल्यापासून एकही दिवस हजर राहिलेली नाही, तरी कारण कळवावे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं हे झालं. पण बाबांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांची पाळी नुकतीच संपली होती. ते खाकी गणवेशातच उठले आणि सात थांबे उलटे गेले.

वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी बाईंना पत्र दाखवलं. बाई म्हणाल्या, ही मुलगी आलेलीच नाही. बाबांनी बोट केलं.

"ती काय बसलीय."

मुंगी उभी राहिली. तिला आनंद झाला होता. "काका," ती म्हणाली, "तुम्ही इथे कसे?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पत्राकडे, मग बाबांकडे. आपण मुलीचे कोण, असं त्यांनी विचारलं. त्यांनी विचारायलाच हवं होतं, ते त्यांचं कामच होतं. बाबा एक घाव दोन तुकडे करणारे. शिवाय आठ दिवस पोरगी समोर बसलेली असताना तिच्या नावापुढे फुली मारली याचा त्यांना राग आला होता.

"मी हिचा बाप," ते म्हणाले.

वर्गात चाळीसेक मुलं होती. त्यातली निम्मी मुंगीच्या गल्लीतली, अण्णांना रोज दुकानात बघणारी. कुणीतरी फिसकन हसलं. मुंगी खाली बसली. बाबा सांगायचे की ती रडली नाही, काही विचारलंही नाही, फक्त बाकावरची पेन्सिल उचलून दप्तरात ठेवली, जशी काही शाळा सुटली.

घरी गेल्यावर तिने मावशीला एकच प्रश्न विचारला. मावशी मशीनवर होती.

"मग तू कोण?"

"मी आहे तीच आहे," मावशी म्हणाली आणि मशीन पुन्हा चालू केलं. मावशीला बोलणं जमायचं नाही. पण मुंगी मला नंतर म्हणाली की ते उत्तर वाईट नव्हतं, अपुरं होतं.

त्या संध्याकाळी मावशी आणि अण्णा मुंगीला शेजारी ठेवून आमच्याकडे आले. ताईला आणि मला आतल्या खोलीत घातलं होतं, पण आमच्या घरात आत आणि बाहेर यांच्यामध्ये एक पडदाच होता. अण्णा पुन्हा पुन्हा म्हणत होते की चूक माझी, मी वाचायला हवं होतं. मावशी पदराची कड सारखी दुमडत होती. आई एकच कप विसळत राहिली होती. शेवटी बाबांनी निकाल दिला. मुलीला कळलंच आहे तर आता लपवाछपवी पुरे, येत्या रविवारी ती तिच्या घरी येईल. शाळाही बदलू. तिच्या घरी म्हणजे आपल्या घरी, हे मला कळायला वेळ लागला. मी ताईला विचारलं, मुंगी आपली कोण? ताई म्हणाली, बहीण, मला पहिल्यापासून माहीत आहे, पण सांगायचं नाही असं ठरलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीने सहा वर्षं पोटात ठेवलं होतं ते. ताई पुढे बँकेत लागली, याचं आम्हांला कुणालाच नवल वाटलं नाही.

रविवारी मुंगी आली, निळी कापडी पिशवी घेऊन. आमचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ताई आणि मी एका पलंगावर झोपायचो. मुंगीसाठी खिडकीखाली घडीची खाट टाकली. तिने पिशवी खाटेखाली ठेवली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

ती चार महिने राहिली. या चार महिन्यांबद्दल तक्रार करावी असं तिच्याकडून काही घडलं नाही, आणि अडचण नेमकी तीच होती. ती ताटातलं सगळं संपवायची. कुणी काही दिलं तर घ्यायची, मागायची नाही. पाणी प्यायचं असलं तरी विचारायची, "पाणी घेऊ का?" सुरुवातीला आई हसून म्हणायची, अगं घे ना, विचारतेस काय? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा, पाणी घेऊ का. तुमच्याकडे साबण कुठे ठेवतात? तुमच्याकडे दिवा कधी लावतात? आई म्हणायची, तुमच्याकडे नाही, आपल्याकडे. मुंगी मान हलवायची आणि पुढच्या वेळी वाक्य असं फिरवून बोलायची की दोन्ही शब्द टळायचे. साबण कुठे असतो?

हाकेचंही तसंच. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला आता आई म्हणायचं. मुंगीने नाही म्हटलं नाही. तिने हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं की ती आईच्या मागे येऊन उभी राहायची आणि आईचं लक्ष जाईपर्यंत थांबायची. आई बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायची. दिवसभर उभी राहून आलेली, ओट्यापाशी काम करता करता वळायची तर मागे ही. कितीदा आईच्या हातून भांडं पडलं.

महिन्याभराने बाबांनी खाटेखालची पिशवी ओढली, कपडे काढून कपाटाच्या खालच्या कप्प्यात लावले आणि म्हणाले, हा तुझा कप्पा. दुसऱ्या दिवशी कपडे परत पिशवीत होते, बाबांनी लावले होते त्यापेक्षा नीट घडी घालून. बाबांनी पुन्हा हात लावला नाही.

माझं वागणं फारसं चांगलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. खिडकीखालची जागा माझी होती, तिथे मी बाहुल्यांचं घर मांडायचे. मी खडूने जमिनीवर रेघ मारली आणि मुंगीला सांगितलं, इकडे यायचं नाही. ती आली नाही. खाटेवर जायचं तर ती भिंतीला चिकटून, लांबून वळसा घालून जायची. तीन दिवसांनी आईने फरशी पुसली तेव्हा ती रेघ गेली, पण मुंगी नंतरही तशीच वळसा घालून जायची. ताईला मी चिमटे काढायचे, ती मला धपाटे घालायची, आमची दिवसातून दहा भांडणं व्हायची. मुंगी खाटेवर बसून ऐकत असायची. तिच्याशी भांडण करता येत नसे. समोरून काही यायचंच नाही.

रविवारी दुपारी तिला मावशीकडे सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, असं ठरलं होतं. पूर्वीचं उलटं. एका रविवारी आई जरा लवकर गेली. मावशीच्या घराचं दार लोटलेलं होतं. आत मुंगी बोलत होती. आई सांगायची की आधी तिला वाटलं, शेजारची मुलगी आलीय, इतका तो आवाज मोठा होता. मुंगी अण्णांना रागावत होती. तुम्ही पुन्हा बारक्या स्क्रूच्या डबीत मोठे स्क्रू घातलेत, आता कोण निवडणार, मी नाही निवडणार. मावशी म्हणाली की बूट घाल, न्यायला येतील. मुंगी म्हणाली, नाही घालत. मावशी म्हणाली, घाल. नाही घालत, मला तो फ्रॉकपण नको, टोचतो, तूच नीट शिवला नाहीस. मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मावशी ओरडली. मुंगी त्याहून मोठ्याने ओरडली.

आई त्या दारापाशी पंधरा-वीस मिनिटं उभी होती. मग दार न वाजवता परत फिरली आणि एकटीच घरी आली. बाबांनी विचारलं, मुलगी कुठे?

"ती तिथे हट्ट करते," आई म्हणाली.

"मग?"

"इथे करत नाही."

बाबांना ते कळलं. माणूस तापट असला तरी मठ्ठ नव्हता. बुधवारी त्यांनी खाटेखालची पिशवी उचलली, पाळीवर जाताना बसमध्ये आपल्या सीटमागे ठेवली आणि सातव्या थांब्यावर बस उभी करून मावशीच्या हातात दिली. उतारू खोळंबले होते, त्यामुळे फार बोलणं झालं नाही. शाळाही पुन्हा पहिलीच.

मोठ्यांनी आपापसांत समजून घेतलं, पण ते मुंगीला कुणी समजावून सांगितलं नाही. तिच्या बाजूने त्या रविवारी घडलं ते एवढंच, की ती शेवटी बूट घालून अंधार पडेपर्यंत बसली आणि न्यायला कुणी आलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी पिशवी आली. तिने त्याचा अर्थ लावला की आपण तिथे नीट राहिलो नाही म्हणून परत पाठवलं. एका घरातून पाठवतात तर दुसऱ्यातूनही पाठवतील. त्याच दिवशी तिने मावशीला विचारलं, "पाणी घेऊ का?"

मावशी मनातलं दाखवणारी नव्हती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची कड ती टाचत होती आणि तोंडात टाचण्या असताना उत्तर देता येत नाही. मुंगी उभी राहिली, वाट पाहिली आणि परत गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली. मावशीने पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या होत्या. मुंगीच्या म्हणण्याप्रमाणे त्या आठवड्यात मावशीच्या तोंडातून टाचण्या निघाल्याच नाहीत. जेवताना काढायची, जेवण झालं की पुन्हा. कितीही विचारा, उत्तर नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुंगीला इतकी तहान लागली की ती चिडली, पेला आपटून घेतला, पाणी प्याली आणि पेला न विसळता तसाच ठेवला. मावशीने टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "पेला कोण विसळणार?" मुंगी म्हणाली, "मी नाही." तेव्हापासून विचारणं थांबलं.

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपल्याकडे म्हणतात. मुंगी उपाशी राहिली नाही, पण सावध झाली ती कायमची. रविवारी आमच्याकडे येणं पुढे सुरू राहिलं. हाकेचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. मावशीला आई. आमच्या आईला ताईची आई. बाबांना ताईचे बाबा. पहिल्यांदा तिने ताईची आई अशी हाक मारली तेव्हा आईने ओ दिली नाही. दुसऱ्यांदा दिली. चार महिने मुकाट उभ्या राहिलेल्या मुलीने काहीतरी हाक मारली, हेच तिने पदरात पाडून घेतलं असावं. हळूहळू आमच्या जिन्यातल्या सगळ्या मुलांनी ते उचललं. आईला साठी उलटेपर्यंत लोक ताईची आई म्हणायचे, आणि त्यांना वाटायचं आपण साधीच हाक मारतोय.

शाळेत मुंगी ते चार अक्षरी नाव शिकली. हजर असं ती इतक्या मोठ्याने म्हणायची की बाईंनी एकदा दटावलं. पण गल्लीत कुणी म्हातारं माणूस विचारायचंच, कोणाची गं तू? ती म्हणायची, चष्मेवाल्यांची. बसमध्ये विचारलं तर म्हणायची, डायव्हरची. दोन्ही खरंच होतं. खोटं बोलायचं नाही, आणि लागेल त्याच्यापेक्षा जास्त सांगायचं नाही, असा तिचा नियम होता.

सतरा वर्षांची झाल्यावर ती अण्णांच्या दुकानात बसायला लागली. कॉलेज केलं सकाळचं, पण मन दुकानात. काच घासायच्या चाकावर तिचा हात अण्णांपेक्षा स्थिर होता. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, पुढे काउंटर, मागे पडद्याआड चाक आणि पाण्याची बादली. काचेची पांढरी भुकटी मुंगीच्या कोपरापर्यंत चढायची. गिऱ्हाइकांशी ती कमी बोलायची आणि त्यांचं ऐकून घ्यायची. लोक चष्मा न्यायला यायचे आणि अर्धा तास बसून जायचे.

ती विशीत असताना आमची आई तिच्याकडे गिऱ्हाईक म्हणून गेली. कारखान्यात पाकिटांवरची तारीख तिला वाचता येईना. डॉक्टरने नंबर लिहून दिला होता. मी बरोबर होते. अण्णा जेवायला गेले होते, तेव्हा मुंगीलाच माप घ्यावं लागलं. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं असतं, त्यासाठी छोटी पट्टी नाकावर धरून समोरच्याच्या डोळ्यांत अगदी जवळून बघावं लागतं. समोरच्यानेही बघावं लागतं, नाहीतर माप चुकतं. आईची नजर सारखी खाली जायची.

"माझ्याकडे बघ," मुंगी म्हणाली.

आईने बघितलं. मला वाटतं, त्या दोघी इतक्या जवळ आणि इतका वेळ पूर्वी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. मुंगीने आकडा लिहिला. एकसष्ट.

"माझंही एकसष्टच आहे," ती म्हणाली.

आईने विचारलं, त्याने काय होतं?

"काही नाही. तुझी फ्रेम मला बसेल."

आई चष्मा घेऊन घरी आली आणि दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. मग एकदम खूश झाली. कारण तिने सांगितलं नाही.

मुंगीने लग्न केलं ते दुकानात काचा पुरवणाऱ्या एका शांत माणसाशी. मुलगी झाली. त्या मुलीला तिने तीन वर्षांची असल्यापासून सगळं सांगून टाकलं, कोण कोणाची, कोणाला काय म्हणायचं आणि का. इतक्या वेळा सांगितलं, की पोरगी कंटाळून म्हणायची, माहितीय, मला तीन आज्या आहेत, पुढे बोल.

अण्णा गेले. नंतर सहा वर्षांनी मावशी गेली, झोपेत. मुंगीने दुकान चार दिवस बंद ठेवलं. आमची आई ते चारही दिवस मावशीच्या घरी मुंगीजवळ राहिली. मावशीच्या बटणांच्या बरण्या होत्या, चाळीसएक तरी असतील. सगळी बटणं शेवटच्या वर्षात एकमेकांत मिसळून गेली होती. त्या दोघींनी जमिनीवर चादर पसरून ती निवडायला घेतली. मीही हात लावत होते. तिसऱ्या दिवशी आई खाली बघतच म्हणाली, "मी तुला परत न्यायला नको होतं. नाहीतर आधीच न्यायला हवं होतं. दोन्हींपैकी एक."

"कुठलं?" मुंगीने विचारलं.

"ते मला अजून कळलेलं नाही."

मुंगीने मान हलवली आणि तपकिरी बटणं आपल्याकडे ओढली. रागाचं काही नव्हतं. प्रश्न खरा होता, उत्तरही खरं होतं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच होती. गुरुवारी मुंगीचं दुकान बंद असतं. दर गुरुवारी ती यायची आणि दोघींचं वाजायचं. आई चष्मा ओढणीला पुसते म्हणून, आई औषधाची गोळी अर्धीच घेते म्हणून, खिडकी उघडी हवी की बंद म्हणून. मुंगी दुसऱ्या कुणाशी असं बोलत नसे. मी मध्ये पडले नाही. आई एकदा मला हळूच म्हणाली, आज फार चिडली होती बरं का, आणि उठून स्वतःच चहा ठेवला.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी माझा चष्मा दुरुस्त करायला दुकानात गेले होते. मुंगीच्या हाताखाली आता एक बाई आहे, चाक ती चालवते. आम्ही दोघी काउंटरमागे बसलो होतो. मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं, की त्या चार महिन्यांत तुला आमच्या घरातलं काहीतरी आवडलं होतं का. मला वाटलं, ती नाही म्हणेल, किंवा खडूच्या रेघेची आठवण काढेल.

ती माझ्या चष्म्याची काडी ज्योतीवर गरम करत होती.

"तुम्ही दोघी भांडायचात ते," ती म्हणाली. "आमचं घर फार गप्प होतं गं. तुमच्याकडे सकाळी डोळे उघडायच्या आधीच कुणीतरी कुणावर तरी ओरडत असायचं. मी खाटेवर पडून ऐकायचे. कोण जिंकतंय ते मनात ठरवायचे."

"कोण जिंकायचं?"

"बहुतेक तू. तू चावायचीस."

तिने काडी वाकवली, माझ्या कानामागे लावून बघितली, अजून थोडी वाकवली. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. मी उठून त्यांना बसायला जागा करून दिली.